शिलाई बाकी

मार्गशीर्षात डिचोलीला पहाटे दव असं पडतं
की शटरची कडी ओली लागते हाताला.
त्या दिवशी कडी ओली, आणि पायरीवर ती,
करड्या पट्ट्यांची, पोट जमिनीला टेकलेलं.
मी शटर गुडघ्यापर्यंत उचललं नाही तोच
माझ्याआधी आत.

मी शिंपी. मला मापाशिवाय काही सुचत नाही.
डोळ्यांनीच घेतलं तिचं: दोन विती, शेपूट सोडून.
सावियोच्या बारमधून फेणीचा खोका आणला,
समोरची बाजू चार बोटं ठेवून कापली,
म्हणजे तिला पाय टाकता येईल
आणि जी येतील त्यांना बाहेर पडता येणार नाही.
तळाला वर्तमानपत्रं, वर अस्तराचे तुकडे,
त्यावर शाळेच्या जुन्या स्वेटरची पाठ.
सुटे दोरे एकूण एक वेचले.
बारीक पायाला दोरा गुंडाळला तर काय होतं
हे मला कोणी सांगायला नको.
टाचण्या लोहचुंबकाने उचलल्या. दोनदा.
खोका बुटक्या स्टुलावर, स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत;
इथले हुमले जिवंत काही सोडत नाहीत.
फेणीच्याच बाटलीत कोमट पाणी, बाटलीला मोजा,
आणि ती एकाच कोपऱ्यात.
उकडलं तर सरकायला जागा नको?

शेजारची आवेलीन पावाची टोपली टेकवून बघत राहिली.
"पाळणो बरो जाला, मेस्ता."

सकाळी अस्तरावर ओला डाग
आणि खोका रिकामा.

आधी मला बोका आठवला. मग शटरखालची फट.
मग वाकलो, गुडघे वाजले,
कापायच्या टेबलाखाली शेवटचा खण,
जो नीट बंद होत नाही
आणि मी करतही नाही.

त्यात मिनीनचा कोट.
मयेचा मिनीन. बोटीवर जायच्या आधी माप देऊन गेला,
छाती अडतीस, बाही चोवीस,
"लग्नाला यायचं हां," आणि निम्मे पैसे.
अकरा वर्षं झाली.
त्याची बहीण दोनदा येऊन गेली दुकानात,
ड्रेसची चेन बदलून घेतली,
कोटाचं नाव काढलं नाही. मीही नाही.
वर्षातून एकदा पाला बदलायचो, कडुनिंबाचा.
डांबराच्या गोळ्या कधी घातल्या नाहीत,
बरं झालं.

घडी मी मोडली नव्हती. तिने मोडली.
आत जांभळं सॅटीन, इंचाला बारा टाके,
तेव्हा माझी नजर तशी होती.
एक पिल्लू बाहीत, तीन छातीच्या खिशावर,
जिथे फूल लावतात.
डोळे मिटलेले. दूध पिताना पंज्यांनी कापड दाबत होती,
इस्त्रीआधी शिवण नखाने दाबावी तशी.

माझ्या खोक्यात काय कमी होतं?
उजेड जास्त होता, एवढंच असावं.
मांजरीला अंधार लागतो.
त्याहून जास्त अर्थ मी लावत नाही.

खणावर गोणपाट टांगलं, बाटली तिकडे नेली,
वाट्या टेबलाच्या पायांखाली.
रात्री वही काढली. मिनीन, मये.
"दिला"च्या रकान्यात तारीख घालायला पेन उघडलं
आणि पुन्हा टोपण लावलं.

मशीन चालवलं की टेबल थरथरतं.
म्हणून सध्या हातशिलाई: काजं, हुक, तुरपाई.
गांवसांची सुलक्षा आज तिसऱ्यांदा आली,
"जत्रा तोंडावर आली, माझं ब्लाउज कधी?"
मी खाली बघितलं. सहावा दिवस.
"होईल," म्हटलं, "डोळे उघडले की."
ती माझ्या चष्म्याकडे बघत राहिली.